सेंट्रल पार्कला पहिल्यांदा जाताय? मग एवढं करा

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हलला जावं का? जरूर जा! गरिबीविरोधी मोहिमेसाठीचा हा गाण्यांचा कार्यक्रम २०१२ पासून भरतोय, पण फुकट तिकीट कमवावं लागतं: गरिबीविरोधी याचिकांवर सह्या करा, नेत्यांना ईमेल पाठवा, गुण जमले की सोडतीत नाव. नवखे नुसतं बटण दाबत सुटतात. अहो, सही कशावर करतोय ते वाचा तरी! मुद्दा माहीत असला की गाण्यांच्या मधली भाषणं कंटाळवाणी वाटत नाहीत. आणि ती बरीच असतात.

- ग्रेट लॉनवर (पार्कमधली मोठी हिरवळ) तासन्‌तास उभं राहायचंय, नवे बूट नकोत. (माझे फोड आठवडाभर टिकले.)
- सप्टेंबरातही रात्री गारवा असतो. जॅकेट घ्या, मोठी बॅग घरीच ठेवा.
- गर्दीत फोन लागेलच असं नाही. भेटायची जागा आधीच ठरवा.

मंचाजवळ कसं पोचायचं ते पुढच्या वर्षी सांगेन.