कापूसगवत की कापूसलव्हाळा?

धरणगावच्या एक ताई अलास्कावरच्या एका लेखाचा अनुवाद करताहेत. त्यात 'कॉटनग्रास' आलंय. 'कापूसगवत' लिहिलं तर चालेल का, असं त्या विचारतात. घरी वाचून दाखवलं तेव्हा वडील म्हणाले, "गवताला कुठे कापूस येतो?"

वडिलांची शंका रास्त आहे. ही वनस्पती गवताच्या कुळातली नाहीच, लव्हाळ्याच्या कुळातली आहे. खानदेशात कपाशी निंदणाऱ्या कुणालाही हा फरक हाताला कळतो: लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, आत तो भरीव असतो आणि त्याला पेरं नसतात. गवताला पेरं असतात. कॉटनग्रासच्या दांड्यालाही वर टोकाकडे अशाच तीन धारा असतात. अलास्का, सायबेरिया, उत्तर कॅनडा इथल्या थंड, पाणथळ जमिनीत ते वाढतं. शास्त्रीय नाव एरिओफोरम, म्हणजे ग्रीकमध्ये 'लोकर धारण करणारं'. त्याची एक जात दाट ठोंब करून वाढते आणि एकेक ठोंब शंभर वर्षांहूनही जास्त जगतो.

आता 'कापूस'. कपाशीचा तंतू बोंडाच्या आत, सरकीच्या सालीवर येतो आणि वाळताना पीळ घेतो, म्हणून त्याचं सूत निघतं. कॉटनग्रासच्या फुलात पाकळ्यांच्या जागी बारीक केस असतात. फूल सरलं की ते लांब वाढतात आणि बी वाऱ्यावर नेतात. हे केस ठिसूळ, सुताच्या कामाचे नाहीत. इनुइट लोक त्यांची दिव्याला वात करत. तरीही 'कापूस' मी बिनदिक्कत ठेवीन. सावरीच्या कापसाचंही सूत कातत नाहीत, तो उशांत भरतात, पण आपण त्याला कापूसच म्हणतो ना!

बदलायचं ते 'गवत'. माझ्या मते 'कापूसलव्हाळा' लिहावं. 'कापूसमोथा' नको, कारण मोथा म्हटलं की जमिनीतली ती सुगंधी, औषधी गाठ डोळ्यांपुढे येते, आणि कॉटनग्रासला तशी गाठ नसते. आपल्याकडे लव्हाळा म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, हे खरं. पण महापुरात वाकून वाचणारा लव्हाळाही मराठी वाचकाला तितकाच ओळखीचा आहे, आणि दलदलीत उभ्या असलेल्या वनस्पतीला तो शोभतो.

लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'कॉटनग्रास म्हणजे कापूसलव्हाळा' असं लिहा, पुढे नुसतं मराठी नाव. आणि ताई, क्रियापदं तेवढी तपासा: कापूसगवत 'वाढतं', कापूसलव्हाळा 'वाढतो'.