भाड्याने देण्यासाठी पहिलं घर विकत घेताना

घर आवडलं म्हणून घेऊ नका. तिथे तुम्ही राहणार नाही आहात. आधी वर्षाचा हिशेब मांडा, आणि त्यात 12 नव्हे, 11 महिन्यांचंच भाडं धरा, कारण एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत घर रिकामं राहतंच. त्यातून कर, विमा, देखभाल, दुरुस्ती वजा करा. उरलेल्या रकमेला घराची किंमत, नोंदणी, रंगकाम धरून झालेल्या एकूण खर्चाने भागा, तो तुमचा खरा परतावा. दलाल सांगतो त्या आकड्यात यातलं बहुधा काहीच वजा केलेलं नसतं. कर्जाचा व्याजदर या खऱ्या परताव्याहून जास्त असेल, तर सगळी भिस्त किंमत वाढण्यावर राहते. असा व्यवहार मी तरी टाळतो.

भाडेकरूच्या उत्पन्नाचा पुरावा पाहा आणि त्याच्या आधीच्या घरमालकाशी बोला. तो सध्या राहतो त्या घराच्या मालकाचं मत जपून घ्या, त्या मालकाला कदाचित पीडा टळायला हवी असेल! करार लेखीच, ओळखीचा माणूस असला तरी. किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि मीटरचे फोटो काढून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. अनामत रकमेवरून होणारी बरीचशी भांडणं त्यानेच टळतात. आणि नळ गळतोय असा फोन आला की त्याच दिवशी माणूस पाठवा. भिंतीत ओल शिरल्यावर तोच खर्च कितीतरी पट होतो.