वाहनातील वायरलेस तंत्रज्ञानाचा शोध ‘सहज सुचण्याजोगा’ आहे की नाही, हे पेटंट कायद्यात कसे ठरवतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब कळवणारा वायरलेस सेन्सर आपण अशा रीतीने बदलला आहे की, चाक ठरावीक कोनात आल्यावरच तो संदेश पाठवतो, आणि त्यामुळे त्याची बॅटरी जास्त टिकते. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांनी पहिल्या परीक्षण अहवालात दोन जुने दस्तऐवज दाखवले आहेत. एकात चाकाच्या कोनानुसार संदेश पाठवणारा सेन्सर आहे आणि दुसऱ्यात गाडी उभी असताना संदेश कमी करून बॅटरी वाचवली आहे. या दोहोंची सांगड घालणे त्या क्षेत्रातील माणसाला सहज सुचण्याजोगे आहे, असा शेरा त्यांनी मारला आहे. मी रेडिओ अभियांत्रिकी शिकलो आणि गेली बरीच वर्षे मुंबईत पेटंट एजंट म्हणून काम करतो आहे. अशा शेऱ्यांना उत्तरे लिहिणे हे माझे रोजचे काम असल्याने जरा सविस्तर लिहितो.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मधील ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप’च्या, म्हणजे शोधातील कल्पक पावलाच्या, व्याख्येला दोन अंगे आहेत. शोधात पूर्वीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही असावे, हे पहिले. आणि त्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातील कुशल व्यक्तीला सहज सुचण्याजोगा नसावा, हे दुसरे. अनेक अर्जदार पहिल्या अंगावरच सगळा भर देतात: बॅटरी किती वाचली, मालकाचा खर्च किती घटला, वाहतूकदारांनी किती कौतुक केले. हे सारे खरे असले तरी दुसऱ्या अंगाचे उत्तर त्यातून मिळत नाही, आणि परीक्षकांचा आक्षेप तर नेमका तिथेच असतो.

सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात १९७८ साली दिलेला निकाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. लेथवर काम करताना भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे ते पेटंट होते. जुन्याच साधनाचा किंचित वेगळा वापर म्हणजे कारखान्यातली नेहमीची सुधारणा, असे ठरवून न्यायालयाने ते टिकू दिले नाही. त्या निकालातली कसोटी मला फार मोलाची वाटते. जुना दस्तऐवज एखाद्या जाणत्या अभियंत्याच्या हाती द्यावा. त्याच्यासमोर तीच अडचण असावी, पण आपल्या शोधाची त्याला काहीही कल्पना नसावी. अशा स्थितीत तो दस्तऐवज वाचून ‘मला हवे होते ते हेच’ असे तो म्हणेल का? पुढे २०१५ साली रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हाच विचार टप्प्याटप्प्याने मांडला. कुशल व्यक्ती कोण, शोधाचा गाभा काय, अर्जाच्या तारखेला त्या क्षेत्रातले सर्वसाधारण ज्ञान किती होते, जुन्यात आणि नव्यात फरक कोणता, आणि मागाहून सुचलेले शहाणपण बाजूला ठेवल्यास तो फरक सहज सुचला असता का, या क्रमाने विचार करावयाचा असतो.

यातला शेवटचा टप्पा सर्वांत अवघड असतो, कारण कोडे सुटल्यावर ते सर्वांनाच सोपे वाटते. परीक्षकही आपला अर्ज वाचूनच जुने दस्तऐवज शोधायला बसतात, आणि उत्तर आधीच ठाऊक असल्याने दोन तुकडे एकमेकांना जोडावेसे वाटणे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. म्हणून उत्तर लिहिताना ‘हे जोडता आले असते का’ या प्रश्नावर थांबू नये. जोडता तर पुष्कळ गोष्टी येतात. त्या अभियंत्याने त्या दिवशी हे तुकडे खरोखर का जोडले असते, त्याला तसे करण्यास कशाने भाग पाडले असते, हे विचारावे.

वाहनांच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००७ मधील केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा निकाल जरूर वाचावा. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण विषय गाडीचाच आहे: पुढेमागे सरकवता येणारे ॲक्सिलरेटरचे पेडल आणि त्यावर बसवलेला इलेक्ट्रॉनिक सेन्सर. सरकवता येणारी पेडल आधीपासून होती, सेन्सर होते, आणि हलणाऱ्या भागावर सेन्सर बसवला तर वायर घासून खराब होते, म्हणून तो न हलणाऱ्या भागावर बसवावा, हेही जुन्या दस्तऐवजात लिहिलेले होते. सारा उद्योग यांत्रिक केबलकडून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे वळत असताना पेडलच्या स्थिर खिळीवर सेन्सर बसवणे कोणालाही सुचले असते, असे न्यायालयाने ठरवले. कुशल व्यक्ती म्हणजे केवळ हुकूम पाळणारे यंत्र नव्हे, तिच्यापाशीही सर्वसाधारण कल्पकता असते, हा त्या निकालाचा मुद्दा आपल्याविरुद्धही वापरला जाऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

हे विशेषतः ‘वायरलेस’ शोधांना लागू पडते, कारण ‘जे तारेने होत होते ते आता बिनतारी’ किंवा ‘जे घरात होते ते आता गाडीत’ एवढ्यावर पेटंट मिळणे कठीण असते. गाड्यांसाठी वाय-फायचे जे रूप २०१० च्या ८०२.११पी मानकात आले, त्यात २० मेगाहर्ट्झऐवजी १० मेगाहर्ट्झचा चॅनल घेतला गेला. त्यामुळे दोन संकेतांमधली राखीव फट ०.८ मायक्रोसेकंदावरून १.६ मायक्रोसेकंदांवर गेली, आणि रस्त्यालगतच्या इमारतींवर आदळून उशिरा येणारे प्रतिध्वनी सहन करता येऊ लागले. बदल मोलाचा होता, पण प्रतिध्वनी लांबले की फट लांबवावी, हे रेडिओच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. परीक्षक नेमका असाच युक्तिवाद करतात, आणि अनेकदा तो बरोबर असतो.

आता आपल्या शोधाकडे वळतो. चाकाच्या कोनानुसार संदेश पाठवणे ही गोष्ट या क्षेत्रात नवी नाही. सेन्सर नेहमी एकाच कोनात संदेश पाठवतो आणि गाडीचा संगणक ती वेळ एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकावरील दातेरी कड्याच्या दातांच्या मोजणीशी ताडून हा सेन्सर कोणत्या चाकात आहे हे ओळखतो, ही पद्धत वापरात आहे. म्हणून आपला क्लेम, म्हणजे अर्जात ज्या गोष्टीवर हक्क मागितला आहे ते वाक्य, ‘ठरावीक कोनात संदेश पाठवणारा सेन्सर’ एवढाच असेल, तर सहज सुचण्याचा प्रश्न येण्याआधी तो नवीनतेवरच अडकेल. हेतू वेगळा असल्याने यंत्र वेगळे होत नाही.

परंतु आपल्यापाशी एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो आपण मांडलेला दिसत नाही. एकदा एका वेगळ्याच, ॲन्टेनाच्या जागेविषयीच्या प्रकरणासाठी मी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो. ट्रकचे मागचे चाक जॅकवर उचललेले होते, चेसिसखाली रिसीव्हर बांधलेला होता, आणि मेकॅनिक चाक हाताने हळूहळू फिरवत होता. वीतभर फिरवले की संकेताची पातळी एकदम कोसळायची आणि आणखी थोडे फिरवले की परत वर यायची. त्याने टायरवर खडूने त्या जागी दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या फेरीत संकेत बरोबर त्याच रेघांमध्ये पुन्हा हरवला. रिम आणि चेसिसच्या धातूमुळे पडणाऱ्या या आंधळ्या जागा अभियंत्यांना माहीत आहेत, आणि त्यावरचा रुळलेला उपाय असा की तोच संदेश वेगवेगळ्या कोनांत अनेकदा पाठवावा, म्हणजे त्यातला एखादा तरी पोचेल. या उपायात बॅटरी अधिक खर्च होते. ज्याच्यासमोर आपली अडचण होती, तो अभियंता जुन्या ज्ञानाच्या आधारे संदेश वाढवण्याकडे वळला असता. आपण मात्र तो एकदाच, योग्य कोनात पाठवता. परीक्षकांचा पहिला दस्तऐवज चाक ओळखण्याविषयी आहे, त्याला बॅटरीशी कर्तव्य नाही. दुसरा बॅटरीविषयी आहे, पण त्याला कोनाशी कर्तव्य नाही. दोहोंना जोडणारे कारण त्यांनी अहवालात कुठे दिले आहे, हे त्यांनाच विनयाने विचारा. ‘आमचा शोध नवा व उपयुक्त आहे’ या वाक्याने सुरू होणारी पाच पाने मात्र लिहू नका.

यासाठी क्लेममध्ये कोन कसा निवडला जातो हे यायला हवे. सेन्सर बसवताना त्या ट्रकवर निरनिराळ्या कोनांत संकेताची पातळी मोजून सर्वोत्तम कोन सेन्सरमध्ये लिहिला जात असेल, तर तो तपशील क्लेमचा भाग करा. पण कलम ५९ प्रमाणे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, जे मुळातच नाही, ते दुरुस्तीच्या नावाखाली घालता येत नाही. नंतर केलेले प्रयोग प्रतिज्ञापत्रासह जोडता येतात. ते आधी लिहिलेल्या गोष्टीला बळ देतात, न लिहिलेली गोष्ट भरून काढत नाहीत. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने मिळतात, आणि मुदतवाढ हवी असल्यास ती मुदत संपण्याआधीच मागावी. सुनावणीनंतरही अर्ज नाकारला गेला, तर कलम ११७ए खाली उच्च न्यायालयात अपील करता येते.

तेव्हा आज रात्रीच मूळ स्पेसिफिकेशन उघडून कोन निवडण्याची पद्धत त्यात आहे का, ते पाहा. नसेल, तर कलम ५४ खालील ‘पेटंट ऑफ ॲडिशन’चा, म्हणजे मुख्य शोधातील सुधारणेसाठी मिळणाऱ्या जोड-पेटंटचा, विचार करता येईल: मुख्य शोधाच्या तुलनेत सुधारणा सहज सुचण्याजोगी आहे, एवढ्याच कारणावरून ते नाकारता येत नाही. मात्र सुधारणा नवी असावीच लागते, आणि मुख्य पेटंट मंजूर झाल्याशिवाय ते दिले जात नाही. त्यामुळे, कोन निवडून बसवलेले सेन्सर घेऊन आपल्या ग्राहकांचे ट्रक आधीच रस्त्यावर धावत आहेत का, हे मला उत्तराखाली कळवा; तसे असेल, तर सुधारणेच्या नवेपणावरच प्रश्न येऊ शकतो. त्या एका गोष्टीवर पुढचा सल्ला पूर्णपणे बदलतो.