वाचकांचे प्रश्न : फॅन बेल्ट किंचाळतो तेव्हा

प्रश्न : माझी जुनी टाटा 407 (छोटा ट्रक) रोज पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डात जाते. थंड इंजिन सुरू केलं की फॅन बेल्ट मिनिटभर किंचाळतो, मग गप्प बसतो. हेडलाइट लावले की पुन्हा सुरू. दोनदा बेल्ट ताणून घेतला. आठवडाभर बरं चालतं, मग येरे माझ्या मागल्या. बेल्ट बदलू का? (बार्शी)

उत्तर : बेल्ट बहुधा बदलावा लागेल, पण तेवढ्याने आवाज जाईलच असं नाही. सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेला करंट भरून काढायला अल्टरनेटर, म्हणजे तुमचा डायनामो, सुरुवातीला जोरात चार्जिंग करतो. त्या वेळी त्याची पुली, म्हणजे बेल्टने फिरणारं चाक, फिरायला जड असते. शिवाय ती पुली लहान असल्याने बेल्टची पकडही तिथेच कमी. म्हणून बेल्ट तिथे घसरतो. बॅटरी भरत आली की भार उतरतो आणि आवाज थांबतो. हेडलाइट लावले की भार पुन्हा चढतो. बॅटरी थकलेली असेल तर हा भार जास्त वेळ राहतो. त्यामुळे बेल्टवर खर्च करण्याआधी बॅटरी तपासून घ्या.

आता तपासणी. इंजिन बंद, चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. बेल्ट पिळून त्याच्या कडा बघा. व्ही बेल्टची (V आकाराच्या खाचेत बसणाऱ्या अशा बेल्टची) पकड तळाशी नसते, दोन्ही कडांवर असते. कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो बेल्ट कितीही ताणा, घसरणारच. मग पुलीच्या खाचेत टॉर्च मारून बघा. खाचेचा तळ घासून चमकत असेल तर बेल्ट खाली बसतोय, कडांना टेकतच नाही. अशा वेळी बेल्ट झिजलाय किंवा पुलीच झिजली आहे. चांगला बेल्ट पुलीच्या काठाला समतल किंवा किंचित वर दिसतो. नवा बेल्ट घालूनही तो आत बुडत असेल तर पुली बदलण्यावाचून इलाज नाही.

आठवड्याने ढिला का पडतो? आमचा पहिला संशय अल्टरनेटरच्या खालच्या बोल्टवर. त्याचा बुश (बोल्टभोवतीची नळी) किंवा ब्रॅकेटचं भोक घासून मोठं झालं की अल्टरनेटर हळूहळू आत झुकतो. हाताने अल्टरनेटर हलवून पाहा. खडखड जाणवली तर आधी बुश आणि बोल्ट बदला. ताण जुळवायच्या वरच्या पट्टीची खाच झिजून बोल्ट सरकत असेल तर पट्टीही बदला. ही कामं स्वस्तातली आहेत, पण घाईत कुणी करत नाही.

तेलाचे किंवा कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) डाग दिसले तर आधी गळती काढा. क्रँकचं पुढचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक (इथून कूलंट गळतं), या तीन जागा बघा. तेल प्यायलेला बेल्ट फुगतो, मऊ पडतो. तो पुसून वापरण्यात अर्थ नाही.

नवा बेल्ट घेताना जुन्याच्या पाठीवरचा नंबर दाखवा. ताणलेला बेल्ट टेपने मोजाल तर फसाल. बसवताना दोन्ही बोल्ट ढिले करून अल्टरनेटर पूर्ण आत ढकला आणि बेल्ट हाताने चढवा. स्क्रू ड्रायव्हरने पुलीवरून ओढून चढवला तर आतले दोरे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ताण देताना पहार पुढच्या ब्रॅकेटजवळ टेकवा. मागच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर जोर दिलात तर ते तडकेल. सर्वात लांब भाग मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 ते 15 मिमी आत जायला हवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. मग 15-20 मिनिटं इंजिन चालवा, थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा बघा, कारण नवा बेल्ट खाचेत बसताना थोडा सैल होतो. 200-300 किमीनंतर आणखी एकदा.

ताण जास्त झाला तर आवाज जातो खरा, पण वॉटर पंप आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. बेल्टच्या किमतीपुढे तो खर्च कितीतरी मोठा.

प्रश्न : बेल्टला साबण किंवा स्प्रे लावला तर? (सांगोला)

उत्तर : लावू नका. साबणाने आवाज तेवढ्यापुरता दबतो आणि घसरणं चालूच राहतं. चिकट स्प्रेवर धूळ बसते, ती खाचेत पॉलिश पेपरचं काम करते. ग्रीस तर नकोच.

प्रश्न : आमच्या ट्रकचा आवाज किंचाळण्यासारखा नाही, चिमणीसारखी लयीत चिवचिव आहे. रेस वाढवली की लयही वाढते. (चाकण)

उत्तर : हा बहुतेक पुल्या एका रेषेत नसल्याचा आवाज. इंजिन आयडलवर ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूला बाटलीने थोडं पाणी मारा. हात, उपरणं, ओढणी फॅनपासून दूर. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर रेषेचा दोष. पाण्याने तो वाढला तर बेल्ट सैल आहे. रेष तपासायला इंजिन बंद करून लांब सरळ स्टीलपट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर धरा. 30 सेमीला दीड मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर अल्टरनेटरच्या बोल्टवर वॉशर घालून किंवा काढून रेष जुळवा. त्याआधी तो ब्रॅकेट वाकलेला नाही ना, हे बघा.

पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग तपासा. बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली, किंवा वॉटर पंपाची पुली पुढे-मागे, वर-खाली हलली, तर दोषी तीच. तरी शंका उरली तर थंड इंजिन बेल्टशिवाय अर्धा मिनिट चालवा, त्याहून जास्त नाही, कारण वॉटर पंप बंद असतो. आवाज तरीही असेल तर तो बेल्टच्या बाजूचा नाही. काही गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो आणि बेल्टशिवाय तो फिरत नाही, म्हणून बेल्ट काढलेला असताना गाडी जागची हलवायची नाही आणि चाकांना ओट (चाक अडवणारा दगड किंवा ठोकळा) लावूनच हे करायचं.