वाचक विचारतात : ओपनक्यूए सर्व्हर आणि अ‍ॅन्सिबल

प्रश्न : लिनक्सच्या नव्या आवृत्त्या तपासायला फेडोरावर (लिनक्सचाच एक प्रकार) ओपनक्यूए, म्हणजे अशा चाचण्या आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर हवा होता. अ‍ॅन्सिबलचे प्लेबुक (सर्व्हर आपोआप उभारणाऱ्या या साधनाला दिलेली कामांची यादी) पहिल्यांदा सुरळीत चालले. पुन्हा चालवले की डेटाबेसपाशी अडते. शिवाय दुसऱ्या दिवशी वर्कर (प्रत्यक्ष चाचण्या चालवणारे प्रोग्राम) कामच घेत नाहीत.

उत्तर : दुखणी दोन आहेत. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची ‘इनिटडीबी’ ही पहिली मांडणी करणारी पायरी डेटा फोल्डर रिकामे नसेल तर त्रुटी देऊन थांबते, आणि ते बरोबरच आहे. त्या फोल्डरात तुमचा डेटाबेस असतो. प्लेबुकमध्ये ही पायरी चालवणाऱ्या कमांड मॉड्यूलला ‘क्रिएट्स’ या पर्यायात त्या फोल्डरातल्या ‘पीजी_व्हर्शन’ फाइलचा पूर्ण पाथ द्या. फाइल सापडली की अ‍ॅन्सिबल ती पायरी गाळतो. ‘इग्नोर_एरर्स’ (त्रुटी आली तरी पुढे जा) लावून वेळ मारून नेऊ नका, खरी चूकही त्याखाली दडते.

वर्करचा घोळ बहुधा लॉगिनच्या पद्धतीत आहे. ‘फेक’ पद्धतीत लॉगिन करताच एक तयार की आणि सीक्रेट (वर्करची ओळख पटवणारी जोडी) मिळते, पण त्यांची मुदत लॉगिनपासून एकच दिवस. ती संपली की सर्व्हर वर्करला दारातूनच परत पाठवतो. पुन्हा लॉगिन केले की सगळे चालू होते, म्हणून कारण लवकर ध्यानात येत नाही. स्वतःची जोडी ठरवा, अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये (गुपिते कूटबद्ध ठेवण्याची सोय) ठेवा आणि ओपनक्यूएच्या ‘क्रिएट_अ‍ॅडमिन’ स्क्रिप्टने नोंदवा. तीच जोडी वर्करच्या मशीनवरील क्लायंट डॉट कॉन्फ फाइलमध्ये हवी. वर्कर रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून चालत नाही, तेव्हा त्याच्या खात्याला ती फाइल वाचता येते ना, तेही पाहा.



प्रश्न : सर्व्हर क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर आहे. तीच चाचणी कधी पास, कधी फेल.

उत्तर : आधी मशीनच्या ‘डेव्ह’ फोल्डरात ‘केव्हीएम’ (व्हर्च्युअल मशीन थेट प्रोसेसरवर चालवण्याची लिनक्सची सोय) आहे का बघा. नसेल तर क्यूईएमयू (चाचणीचे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) सगळा प्रोसेसर सॉफ्टवेअरने साकारतो. मग इन्स्टॉलरचा पडदा उमटायला वेळ लागतो, आणि अपेक्षित पडद्याची वाट पाहणारी ‘असर्ट_स्क्रीन’ आज्ञा मुळात 30 सेकंदच थांबते. टाइमआउट वाढवणे हा उपाय नव्हे. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनच्या आत दुसरे चालवण्याची सोय) देणारे मशीन घ्या. ही तपासणी प्लेबुकच्या सुरुवातीलाच ठेवा, केव्हीएम नसेल तर तिथेच थांबू द्या.

केव्हीएम असूनही असेच होत असेल तर वर्कर कमी करा. प्रत्येक वर्कर स्वतंत्र मशीन उभे करतो. प्रत्येकी 4 जीबी रॅम धरली तर 16 जीबीच्या सर्व्हरवर तीनच ठेवा, उरलेली रॅम सर्व्हरलाच लागते.