१४ दिवसांची गोळी, ६ वर्षं झाली

प्रश्न: डॉक्टर, आम्ही देवगड तालुक्यातले, आंब्याची बाग आहे. ह्यांचं वय ५९. सहा वर्षांपूर्वी छातीत जळजळ व्हायची म्हणून पॅन्टोप्राझोल ४० लिहून दिली होती, १४ दिवसांसाठी, ती अजून चालूच आहे कारण जुनी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाला देतो. बीपीची गोळी पण रोज असते. गेले तीन-चार महिने रात्री पोटरीत असा गोळा येतो की हे ओरडतच उठतात, पापणी फडफडते, बोटांना मुंग्या येतात. मला वाटलं बागेतल्या दगदगीने असेल, पण भाचा म्हणतो अ‍ॅसिडिटीच्या गोळीने अंगातले क्षार कमी होतात. खरंय का? बंद करा म्हटलं तर हे म्हणतात, "गणपतीत दोन दिवस नाय घेतली तर काय हाल झाले बघलंस ना!"

उत्तर: वहिनी, भाचा बरोबर बोलतोय, पण त्याचं ऐकून उद्याच गोळी बंद करू नका, आधी रक्त तपासून घ्या. ह्या गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या की काही लोकांमध्ये आतड्यातून मॅग्नेशियम शोषलं जाणं मंदावतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मार्च २०११ मध्येच तसा इशारा दिलाय, बहुतेक केसेस वर्षाहून जास्त गोळी घेणाऱ्यांच्या होत्या. गोळे येणं, अंग फडफडणं, मुंग्या हे सगळं त्यात बसतं आणि फार कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, फिटही येऊ शकते. त्यामुळे धडधड, चक्कर असं काही झालं तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

आता एक काम करा, बीपीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बघा. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं दिसलं (बऱ्याच कंपन्या नावापुढे नुसतं 'एच' लावतात) तर ती लघवी वाढवणारी गोळी, तिनेही मॅग्नेशियम लघवीवाटे जातं. म्हणजे एकीकडून आत येणं कमी आणि दुसरीकडून गळती.

तपासणीत एक गंमत असते. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट टेस्टमध्ये सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड येतं, मॅग्नेशियम वेगळं लिहून घ्यावं लागतं, नाहीतर "सगळं नॉर्मल" म्हणून घरी पाठवतात. सोबत कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगर आणि व्हिटॅमिन बी-१२ पण करा. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम-कॅल्शियमही खाली येतं आणि नुसत्या त्यांच्या गोळ्यांनी वर येत नाही. बी-१२ एवढ्यासाठी की मुंग्या त्यानेही येतात. घरात रोज बांगडा शिजतो, मग बी-१२ कसं कमी होईल असं वाटेल, पण माशातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं आणि तेच आपण सहा वर्षं दाबून ठेवलंय.

काजू, नाचणी, कुळीथ यांत मॅग्नेशियम चांगलं असतं, जरूर खा, पण गोळी चालू असताना त्यावर भिस्त ठेवू नका. एफडीएने तपासलेल्या केसेसपैकी साधारण पाव लोकांमध्ये मॅग्नेशियमच्या गोळ्या देऊनही भागलं नाही, अ‍ॅसिडची गोळी थांबवावीच लागली. आणि किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियम आपल्या मनाने अजिबात घ्यायचं नाही.

गणपतीतल्या हालांचं म्हणाल तर ती जुनी जळजळच असेल असं नाही. बरेच दिवस अ‍ॅसिड दाबलं की पोट आतून अ‍ॅसिड बनवायची तयारी वाढवून बसतं, गोळी एकदम थांबवली की ते उसळतं, काही आठवडे. म्हणून ४० ची २० करायची, मग दिवसाआड, आणि मधल्या काळात दुसरं काही द्यायचं का ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मात्र तुमच्या यजमानांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल किंवा पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल तर गोळी गरजेचीही असू शकते, तेव्हा ते न विसरता सांगा.

प्रश्न: आईचं वय ६७, वेंगुर्ल्याला असते. ओमेप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) रोज सकाळी आणि कॅल्शियमची गोळीही त्याच्याचबरोबर उपाशीपोटी घेते. चालतं का?

उत्तर: कॅल्शियम कार्बोनेट असेल तर वाया जातंय. ते विरघळायला अ‍ॅसिड लागतं, म्हणून ते जेवणासोबत घ्यायचं, नाहीतर डॉक्टरांना विचारून कॅल्शियम सायट्रेट घ्या, त्याला अ‍ॅसिडची गरज नाही. ओमेप्राझोल मात्र जेवणाआधी अर्धा तास, ते बरोबर आहे. पण ती कशासाठी आणि किती वर्षं चालू आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत, तेवढं आईला विचारून कळवा.