बाप्तिस्मा म्हणजे बारसं का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसमधल्या मैत्रिणीने बाळाच्या बाप्तिस्म्याला बोलावलंय, हे आपल्या बारशासारखंच असतं का आणि ख्रिस्ती लोक त्याला एवढं का मानतात. मी भायखळ्यात वाढलेली मराठी ख्रिस्ती, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची, मला जे कळलंय ते सांगते.

बारसं नाही, ख्रिस्ती मंडळीत सामील होण्याचा पाण्याचा विधी आहे. बाळाचं नाव मोठ्याने घेतात म्हणून तसं वाटतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल, सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक, सरळ लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरले जातो आणि त्याच्याचबरोबर नव्या आयुष्यात उठतो. म्हणजे ते पाणी नुसतं धुण्याचं नाही, कबरेचंसुद्धा आहे. येशूने स्वतः यार्देन नदीत योहान नावाच्या संदेष्ट्याकडून बाप्तिस्मा घेतला आणि नंतर शिष्यांना सांगितलं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने सर्व राष्ट्रांतल्या लोकांना बाप्तिस्मा द्या. पाणी आणि ही नावं, मुख्य एवढंच, बाकी मेणबत्ती, पांढरे कपडे, तेल हे चर्चप्रमाणे बदलतं.

माझा स्वतःचा बाप्तिस्मा चर्चमध्ये झालाच नाही. मी सातव्या महिन्यात जन्मले, काचेच्या पेटीत होते, डॉक्टर पप्पांना म्हणाले रात्र निघेल की नाही सांगता येत नाही, आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बाहेरगावी आणि तेव्हा मोबाईल कुठे होते. रात्रपाळीच्या सिस्टर मल्याळी, कॅथलिक, त्यांनी मम्मीला विचारलं नाव काय ठेवणार, आणि सिरिंजने माझ्या कपाळावर तीनदा पाणी सोडून बाप्तिस्मा दिला. दोन महिन्यांनी मला चर्चमध्ये नेलं तेव्हा पाळकसाहेबांनी परत पाणी ओतलं नाही, मंडळीसमोर प्रार्थना केली आणि रजिस्टरमध्ये नोंद केली, बाप्तिस्मा देणारे या रकान्यात लिहिलंय 'परिचारिका'. कारण तो एकदाच होतो. जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतं, कॅथलिक नियमाप्रमाणे तर ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, फक्त चर्च जे करतं तेच करायचा हेतू पाहिजे.

कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर दुसऱ्या एका चर्चमध्ये गेले तर तिथे मला सांगितलं की हा खरा बाप्तिस्मा नाहीच, स्वतः विश्वास कबूल करून पूर्ण पाण्यात बुडून घ्यायला पाहिजे. मी घरी येऊन खूप रडले. त्यांचं म्हणणं पोकळ नाही हे आता कळतं, बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल पंथांचे लोक तसंच मानतात, आधी विश्वास मग पाणी, आणि बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचलं तर बऱ्याच ठिकाणी तोच क्रम दिसतो. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्चेस मिळून सीएनआय झालं त्यात बाप्टिस्टही होते म्हणून आमच्यात दोन्ही पद्धती चालतात, आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेले मोठेपणी दृढीकरण नावाच्या विधीच्या वेळी स्वतःच्या तोंडाने कबुली देतात, मी पण दिली. पण मला त्या पेटीतल्या बाळाचाच बाप्तिस्मा जास्त खरा वाटतो. कोणीच स्वतःला बाप्तिस्मा देऊ शकत नाही, दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो, आणि मी तर तेव्हा श्वाससुद्धा धड घेत नव्हते, काहीही न करता देवाने मला आपलं म्हटलं.

मोठेपणी घेणाऱ्याला मात्र तो जड पडू शकतो. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या, मग १९०० मध्ये त्यांनीही घेतला. आणि तो न घेता मेलेल्याचं काय असं कोणी विचारलं तर मी येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरणाऱ्या त्या चोराकडे बघते, त्याला कोणी पाण्यात नेलं नव्हतं तरी येशूने सुखलोकाचं, म्हणजे स्वर्गाचं, वचन दिलं.

तुम्ही नक्की जा, वेळेवर जा, कारण बऱ्याचदा हा विधी रविवारच्या उपासनेतच असतो. आईवडिलांना आणि गॉडपेरेंट्सना, म्हणजे बाळाच्या धर्म-आईवडिलांना, प्रश्न विचारतील, ते बाळाच्या वतीने उत्तरं देतील, तुम्हाला काही म्हणायची गरज नाही, सगळे उभे राहिले की उभे राहा. पुढे जागा मिळाली तर बसा म्हणजे पाणी ओततानाचे शब्द नीट ऐकू येतील.